ठिपका तिकडं जात नाही

दुकान उठवलं तेव्हा
कोणी न्यायला न आलेली सदतीस घड्याळं उरली.
पवनीच्या बाजारातून एका पोत्यात
आसगावला आली माझ्यासोबत.
त्यातल्याच एका भिंतीवरच्याचं पत्र्याचं डायल
आज बोडीच्या कोरड्या पोटात
तुराटीच्या तिकाटण्यावर टांगलंय.
मागं पाळीची माती, पुरुषभर उंच.
मोजून पंचवीस पावलं.

बंदूक छर्‍याची, नळी मोडून भरायची,
ऐन तिशीत घेतलेली.
तेव्हा मागची खाच, पुढची काडी, तिकडचं निशाण
तिघं एका रांगेत उभे राहायचे,
शाळेच्या प्रार्थनेला राहावं तसे.
साठीनंतर एकाला धरलं की दुसरा सुटतो.
काडी साफ, तर डायल म्हणजे दुधावरची साय.
डायल साफ, तर काडी
कुठं गेली?

म्हणून भाच्यानं नागपूरहून हे आणलं.
बोटभर नळी, आत तिरकी काच,
काचेत लाल ठिपका.
बॅटरी गोल, चपटी.
तिला मी नखानंच ओळखलं,
हिच्या धाकट्या बहिणी
चाळीस वर्षं चिमट्यानं बसवल्यात.

लीना आली. चक्कीवाल्या नखात्यांची, सातवीतली.
"आबाजी, थो लाल उजेड तिकडं पडते काय?"
बंदूक रिकामी होती.
तिनं काचेपुढं तळहात धरला,
उलटा केला, पुन्हा सुलटा.
तळहातावर काहीच नाही.
ठिपका तिकडं जात नाही, म्हटलं,
तो इकडचाच.
तिला पटलं नाही.
मलाही भाच्यानं दोनदा सांगावं लागलं होतं.

आणि मला तो गोल दिसलाच नाही.
पळसाच्या पाकळीसारखा, वर वाकलेला,
बाजूला दोन शेपट्या.
काच पिचली म्हणावं, तर पिचलेली नव्हती.
पुसली. उजेड कमी केला. चष्मा काढला, लावला.
लीनानं डोळा लावला.
"गोल तं हाय न! टिकलीवानी."
काच सरळ होती.
वाकडा होता तो उजवा डोळा,
ज्यात भिंग अडकवून
मी अर्ध्या तालुक्याची वेळ दुरुस्त केली.

पहिले चार छर्रे मातीत गेले.
पाचवा वाजला.
"साडेसातावर!" लीना ओरडली.
डायलवर मारण्यात हे एक बरं,
चूक किती वाजता झाली ते कळतं.
मी घड्याळाचाच बारका पेचकस काढला.
दोन टिक वर.
तीन टिक उजवीकडं.
गिऱ्हाइकाला सांगायचो,
रोज दोन मिनिटं मागं पडते, जरा पुढं ढकलतो.
हात तेच करत होते.

मग तिला दिली.
तेवढ्यात तुराटीवर नीळकंठ येऊन बसला,
डायलच्या वरच, वीतभर अंतरावर.
नळी किंचित उचलली गेली.
मी बोलणार होतो.
त्याआधीच तिनं घोड्यावरून बोट काढलं
आणि थांबून राहिली.
पाखरू आपल्या सवडीनं बसलं,
आपल्या सवडीनं लाखोळीवर उडून गेलं.

तिनं श्वास अर्धा सोडला.
टण्.

"किती वाजता?"
"मधात," ती म्हणाली.
"मधात काहीच नाही वाजत, आबाजी."

रात्री भाजी वाढून घेताना आठवलं,
बटण बंद करायचं राहिलं.
आतल्या खोलीत, पोत्याशेजारी,
बंद घड्याळांच्या अंधारात
तो जळत असेल,
गोल, की माझ्यासारखा वाकडा,
बघायला कोणीच नसताना.

बॅटरी पन्नास रुपयांना येते.
ताटावरून उठलो.