दोन ठिपके

पांढरी बाजू वर ठेव, जुसारा. रंग टेबलाकडे.
हो, रंग लपवूनच सुरुवात करायची असते.

ही तुटक रेघ, धावदोऱ्यासारखी : ही दरी.
कागद तुझ्याकडे वाकतो, मधे खोलगट होतो,
पाणी ओतलं तर साठेल असा.
आणि ही बघ, रेघ, ठिपका, ठिपका, पुन्हा रेघ : हा डोंगर.
इथं कागद पाठ फिरवतो,
उरलेलं सगळं पलीकडे निघून जातं.

हे मी जपानीत बोलतो
आणि तिला त्यातलं अक्षरही कळत नाही.

एकतीस वर्षं हमामात्सुच्या पियानो कारखान्यात
मी आराखडे काढले. तिथंही प्रत्येक रेघेला अर्थ होता,
पण दरी म्हणावं अशी रेघ
निवृत्त झाल्यावरच हाताला लागली.

जुसारा नऊ वर्षांची.
बाप रात्रपाळीला मोटरसायकलचे गिअर तपासतो.
आई कुरितिबात. नंतर येणार आहे.
हे ‘नंतर’ दोन हिवाळे झालं तिच्या दप्तरात आहे.
घराची घडी अजून बसायची आहे त्यांच्या,
आणि फळ्यावरची अक्षरं तिला
सांडलेल्या काडेपेटीसारखी दिसतात.

बाण मात्र ती वाचते.
साधा बाण : घडी घाल.
जाऊन परत येणारा : घाल, मोड, वळ तेवढा राहू दे.
गिरकी घेतलेला : पालथं कर.
आणि नुसत्या बारीक ठिपक्यांची ओळ :
इथं खाली एक कड आहे, दिसत नाही, पण आहे.
या ओळीवरून तिनं दोनदा बोट फिरवलं.
मी काही बोललो नाही.

आज खेकडा.
सातव्या आकृतीशी ती अडली.
मोडलं, पुन्हा घातलं. नांगी आतच जाते.
चौथ्यांदा कागद वळांवर मऊ पडला, फडक्यासारखा.
मी हात पुढे केला, तिनं कोपरानं दूर सारला.
मग माझीच पेन्सिल उचलली,
आणि माझ्या तुटक रेघेत,
प्रत्येक फटीत, दोन दोन ठिपके दिले.

दरीचा डोंगर झाला.

नांगी बाहेर आली.

अकरा वर्षं ही आकृती मी वाटतोय.
किती मुलांनी लंगडा खेकडा घरी नेला असेल,
किती आयांनी तो फ्रीजवर चिकटवला असेल,
आणि वाकून मला म्हणाल्या असतील, फार छान, सेन्सेई.

तिनं खेकडा पालथा केला. लाल.

कपाटात अजून चाळीसेक प्रती होत्या.
अर्ध्या तिच्यापुढे ठेवल्या, अर्ध्या मी घेतल्या.
दारात तिचा बाप आला, हेल्मेट काखेत,
पाळीला उशीर होतोय असं घड्याळाकडे बघत.
तिनं एक बोट वर केलं : थांब.
तो बाकावर बसला, मुलांच्या, गुडघे हनुवटीशी,
आणि आम्ही दोघं ठिपके देत राहिलो.