नळापासून अकरा

बाथरूममधलं पाणी उलटं वर यायला लागलं
तेव्हा कुंदन म्हणाला, आई, टाकीचं झाकण नेमकं कुठे आहे?
मी म्हटलं, तुझ्या गाडीखाली कुठेतरी.

मागच्या दिवाळीला अंगणभर फरशी बसवली,
राखाडी, खडबडीत, पाय घसरू नये म्हणून.
गवंड्याला कुणी बोललंच नाही
की खाली तीन खणांचं आणखी एक घर आहे,
ह्या घराच्याच वयाचं.

ह्यांना माहीत होतं.
फैजपूरला कारखान्यात काट्यावर तीस वर्षं काढली,
उसाची गाडी काय नि घरचं मीठ काय,
मोजल्याशिवाय माणसाला झोप नाही.
दर तीन वर्षांनी, मृगबागाची लागवड सुरू व्हायच्या आत,
टाकी उपसायची म्हणजे उपसायची.
काळी माती एकदा फुगली की पाणी पीत नाही, म्हणायचे,
मग शोषखड्ड्याला दोष देऊ नका.

नवी सून आली त्याच आठवड्यात तिला बसवून सांगितलं,
"संडासात ॲसिड ओतू नको बापा,
आतमधी जीव आहेत, आपलं खाल्लेलं तेच पचवतात."
ज्योत्स्नाचे कान लाल.
असं कुणी बोलतं का सुनेशी!
भरिताच्या रात्री मी तेलकट पातेलं घेऊन मोरीकडे वळले
की ओट्यावरून हाक यायची, "तिकडे नही!"
आधी राखेनं पुसायचं, मग धुवायचं.
वरच्या पाइपाला जाळी बांधली तीसुद्धा
माझ्याच बाळंतपणातल्या मच्छरदाणीची.

मीटरच्या पेटीत कागद सापडला,
जुन्या पंचांगाचं पाठचं पान:
नळापासून अकरा पावलं. तेथून शेवग्याकडे चार.
शेवगा तर फरशीच्या वेळीच गेला.
कुंदन ढांगा टाकत निघाला, सहा फुटांचं पोर,
अकराव्या पावलाला पार फाटकाबाहेर.
मग जरा आखडून मोजलं. फरशी फोडली. माती.
दुसरी फोडली. माती.
गवंडी म्हणाला, तिसरीचे पैसे वेगळे.

रात्री मला आठवलं,
हे चालत नव्हतेच मोजताना.
टाचेला अंगठा लावत सरकायचे,
गोट्या खेळणाऱ्या पोरासारखे,
मी कपडे वाळत घालताना हसायचे.

मोटारीमागे त्या निळ्या रबरी चपला होत्या,
ह्या एका कामापुरत्या.
बाकीचं सगळं देऊन टाकलं तेराव्याला,
ह्या कोण घेणार!
सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत,
मी त्या घातल्या. माझे पाय त्यांत अर्धे.
नळापासून एक. दोन.
सातला तोल गेला, गाडीला धरलं.
अकरा. मग वळले,
शेवगा नव्हता तिकडे, पण मला दिसत होता.
चार.

सब्बल पोकळ वाजली.

दुपारी यावलहून मुबारक तडवी गाडी घेऊन आला.
झाकण सरकवलं आणि सगळ्यांना लांब पिटाळलं,
अर्धा तास, आणि बिडी खिशातच.
आत कुणी उतरायचं नाही, त्यानं आधीच सांगितलं,
जणू मी सांगणार होते.
एका बंगल्यावर उतर म्हणाले होते त्याला,
तो गाडी वळवून रिकामी घेऊन आला,
डिझेलचे पैसे गेले, जाऊ द्या.

नळी गुरगुरत राहिली.
मग त्यानं ती थांबवली, बूड दिसायच्या आधीच.
सगळं खरवडायचं नसतं, काकू,
विरजणापुरतं ठेवायचं.

आता तिथल्या फरशीला लोखंडी कडी आहे.
तरी मी नवा कागद केला, लाइट बिलाच्या पाठीवर,
ज्योत्स्नाच्या हातानं, माझे डोळे आता तसे नाहीत:
नळापासून अकरा चपला, पुढे चार, जिथे शेवगा होता.
खाली तारीख. त्याखाली,
चपला मोटारीमागे आहेत. टाकू नयेत.