अर्ध्या इंचाचा छर्रा

शिकलगार मॅडम वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या
आणि म्हणाल्या, "मिस्त्री, पृथ्वी पाहिजे."
मी लेथ बंद केली. चालू लेथवर माणूस काहीबाही ऐकतो.
"किती एमएमची?"
"बारा पूर्णांक सात."
मग काय, बेअरिंगचा अर्ध्या इंचाचा छर्रा,
डब्यात शंभर पडलेत.

एका मिलिमीटरात हजार किलोमीटर, असा त्यांचा हिशेब.
मंगळ पावणेसातचा, बुध पाचाच्याही आत,
चंद्र साडेतीनचा, पृथ्वीपासून पावणेदोन विती लांब.
शनी लाकडाचा करा म्हणाल्या,
तो पाण्याहून हलका, रंकाळ्यात टाकला तर तरंगेल.
फौंड्रीतल्या जुन्या सागवानी पॅटर्नचा केला,
वर पत्र्याचा वायसर.
गुरू बिडाचा ओतला, नारळाएवढा.
"खरा तर वायूचाच असतो," मॅडम म्हणाल्या.
वायू ओतायची सोय उद्यमनगरात अजून तरी नाही.
आणि सूर्य?
पाचगावच्या मेव्हण्याकडून बैलगाडीची धाव आणली,
तिच्यावर बायकोचं हळदी पातळ ताणून बसवलं.

शनिवारी सकाळी सूर्य शाळेच्या भिंतीला टेकवला
आणि नववी ब रस्त्याला लागली.
दीडशे मीटरवर सुबरावच्या चहाच्या टपरीवर पृथ्वी,
बिस्किटांच्या बरणीशेजारी.
गुरू उमा टॉकीजपाशी. शनी बिंदू चौकात.
युरेनस रंकाळ्यावर, कणसं भाजणारणीच्या पाटीत.
नेपच्यून घेऊन दोघं सायकलवरून फुलेवाडीला गेले
ते दुपारीच उगवले.
"मधे काय ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.
"काही नाही," मॅडम म्हणाल्या,
"मधे काही नाही, हेच तर दाखवायचंय."

प्रकाश व्हायचं काम माझ्या उत्कर्षाकडं.
सेकंदाला एक फूट, त्याहून जास्त नाही.
तिनं चपलेपुढं चप्पल टेकवत चालायला सुरुवात केली.
भाजीवाल्याची गाडी पुढं गेली,
एक म्हातारं काठी टेकत पुढं गेलं,
एक कुत्रं दोनदा जाऊन परत आलं.
"पप्पा, मी जगात सगळ्यात फास्ट हाय," ती म्हणाली,
"आणि सगळे मला ओव्हरटेक करायलेत."
टपरीवर पोचायला सव्वाआठ मिनिटं.
बिंदू चौकात जाईतो तासावर वीस मिनिटं झाली असती,
आणि फुलेवाडीला जाईतो शाळा सुटली असती.

"मग सूर्यानंतरचा जवळचा तारा कुठं?"
मॅडमनी पश्चिमेला बोट केलं.
फुलेवाडीच्या पुढं, घाट उतरून, कोकण, समुद्र,
सगळी पृथ्वी पालथी घालून
शिरोलीकडून परत याच भिंतीच्या मागं.
चाळीस हजार किलोमीटर.
मी भिंतीच्या मागं जाऊन बघून आलो.
तिथं मुख्याध्यापकांची स्कूटर होती.

जमवाजमव झाली तेव्हा पृथ्वी सापडेना.
सुबरावनं फडकं मारलं होतं,
छर्रा गटारीकडं गेला असेल म्हणाला.
"जाऊ दे," मी म्हणालो, "डब्यात शंभर आहेत."
मॅडम काही बोलल्या नाहीत.
पोरगी वर्कशॉपातला चुंबक दोरीला बांधून घेऊन आली
आणि गटारीशी उकिडवी बसली.

बसल्या बसल्या मी हिशेब केला, हाताला सवयच ती.
वरची हवा म्हणजे एका कागदाची जाडी.
हिमालय नऊ मायक्रॉन.
आणि सगळे समुद्र, सगळे,
सरासरी चार मायक्रॉन खोल.
एवढं आम्ही फिनिशिंगमध्ये घालवतो.
गिऱ्हाईक त्यावरून जॉब परत करत नाही.

टक् असा आवाज झाला.
नळाखाली धरून तिनं तो धुतला, माझ्यापुढं केला.
मी सवयीनं वेस्टचा बोळा काढला.
"पुसू नको पप्पा," ती म्हणाली,
"ऱ्हाऊ दे की ती ओल."