उधारीचा ढग

लिमात आम्ही आकाशाला गाढवाचं पोट म्हणतो.
जून ते सप्टेंबर ते डोक्यावर टांगलेलं,
राखी, ओलसर,
आणि थेंब पाडेल तर शपथ.
चादरी तीन-तीन दिवस वाळत नाहीत.
त्यावरच माझं दुकान चालतं:
चाव्या करणाऱ्याच्या शेजारी
दोन वॉशिंग मशीन, एक ड्रायर,
आणि इस्त्रीला निल्दा, जी बोलत नाही.

भाचा म्हणाला, मावशी, वही टाक आता.
सगळा हिशोब क्लाउडवर ठेवू.
मी दारातून वर बघितलं.
ह्याच्यावर?
घेतलेलं परत देताना
ह्याला कधी कोणी पाहिलंय?

वही साबणाच्या पाण्यानं फुगलेली.
फॉर्तुनाताबाईंच्या नावापुढे एक फुली,
म्हणजे नवरा गेलाय, मागायचं नाही.
टॅक्सीवाल्या एलेउतेरिओपुढे दोन फुल्या,
म्हणजे आधी पैसे, मग शर्ट.
भाच्यानं विचारलं,
फुल्यांना कुठला रकाना देऊ?
मग स्वतःच 'शेरा' असा एक आखला.
मी फुली घातली.
तक्ता लाल झाला: इथे तारीख हवी.
नवरा गेल्याची तारीख
बाईंना कोण विचारणार?

तरी कबूल करते,
महिन्याभरात हरवलेले मोजे कमी झाले.
कर खात्याची बिलं आपोआप जातात.
आणि वहीतला हिशोब जुळायचा तो
मी जुळवायचे म्हणून, हेही कळलं.

तक्ता भाच्यानं तिघांना उघडा ठेवला:
त्याला, मला,
आणि न विचारता यानेथला.
यानेथ माझी मुलगी.
मिलानला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
घरी यायच्या तिकिटासाठी
तिनं माझ्याकडे साठवलेले पैसे
मी ड्रायरला लावले.
ईस्टरपासून फोन नाही.

परवा रात्री अकरा वाजता
माझी निळी चौकट टॉवेलांपाशी उभी होती,
तेवढ्यात वरून एक हिरवी उतरली.
तिच्या टोकाला नाव.
तिथे पहाटेचे सहा असणार,
ती बसमध्ये असणार, मोजे न घालता.
ओळीओळीनं खाली येत होती,
झोपलेल्या घरात कोणी
भांडी मोजत फिरावं तशी.
'चादर' लिहिताना मी विसरते
ती तिरपी रेघ तिनं देऊन टाकली.
सोळा ठिकाणी.
शाळेत असतानाही द्यायची, चिडून.
फॉर्तुनाताबाईंपाशी मात्र
बराच वेळ थांबली.

मी सगळ्यात खाली गेले.
कोऱ्या ओळीत नाव लिहिलं: हेर्मेलिंदा.
वस्तू: ड्रायर.
येणे बाकी: तीन हजार दोनशे.
बोट थरथरलं, एक शून्य जास्त पडलं,
ते पुसलं.

हिरवी चौकट आली.
माझ्या ओळीत शिरली,
शेऱ्यापाशी थांबली.
मशीनमधलं पाणी उतरत होतं,
मी श्वास धरून बसलेले.
मग फुली.
एक.

दुसरी पडते का
म्हणून मी एक वाजेपर्यंत जागी.

सकाळी भाचा म्हणाला, मावशी,
दोनशे बाराव्या ओळीत चूक दाखवतंय,
काढून टाकू?
निल्दानं इस्त्री उभी केली आणि म्हणाली,
हात लावू नकोस.