बावीस फूट

उकंडा खंडारेंना मी दोर सांगितला,
अंबाडीचा, बोटाएवढा जाड, बावीस फूट.
"बैलाले का विहिरीले?"
पोटाला, म्हटलं. आठवीला पचनसंस्था आहे.
त्यांचे हात थांबले नाहीत,
फक्त पीळ जरा सैल पडला.

सोमवारी दोर व्हरांड्यात पसरला,
ऑफिसच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत.
सुरुवातीची बारा बोटं गेरूने रंगवली,
हे आद्यांत्र. इथे पित्त उतरतं,
हिरवट, कडू, लिंबाच्या पाल्यासारखं.
मग आठेक फूट मध्यांत्र,
पाहावं तेव्हा बहुधा रिकामंच.
आणि शेषांत्र, नावातच उरलेलं,
थेट टाकीच्या नळापर्यंत.
तिथे मोठं आतडं लागतं
आणि आमचा दोर संपतो.

शमीम कुरेशी म्हणाली, बाई,
बकऱ्याचं तर याच्या तिप्पट असते.
अब्बा बाजाराच्या दिवशी धुतात, मी टोक धरते.
आतून मखमलीवानी लागते.
तीच मखमल, म्हटलं मी, रसांकुर म्हणतात तिला,
भाकरीतलं जे काही अंगी लागतं
ते या लवेतूनच आत जातं.
त्या दिवशी पुस्तकाचं पान उलटलंच नाही.

"एवढं मावते कसं पोटात?" प्रणय धुर्वेची शंका.
खिचडीवाल्या देवकाबाई दारात झारा घेऊन उभ्या होत्या.
मी त्यांच्या निऱ्या दाखवल्या.
सत्तावीस फूट लुगडं, आणि खोचलंय किती जागेत?
आतडंही असंच, पाठीच्या बाजूला
वीतभर मुळाशी चुण्या घालून टांगलेलं.
देवकाबाई लाजल्या,
मग खाली वाकून स्वतःच निऱ्या मोजू लागल्या.
खिचडी थोडी लागली त्या दिवशी.

पण जिवंत माणसात ते एवढं भरत नाही, मी सांगितलं,
निम्म्याच्या आसपास, कमीजास्त.
स्नायू आवळून धरतात.
मेल्यावर सुटतं, तेव्हा कुठे बावीस.
हे काही कुणाला पटेना.

उकंडाजी पैशासाठी आले होते,
पायरीवर बसून ऐकत होते.
"भिजला दोर आखूड होते, पोरहो.
वाळला का लांबते.
तसंच असन."

मग उठले. टाकीच्या बाजूनं
दोर हातावर मोजत आले,
एक हात, दोन हात,
अडीचवर अंगठा दाबून धरला.
"आमच्या गुंफाचं एवढं काढलं, यवतमाळले.
आतड्याले पीळ पडला होता.
जल्मभर पीळ घालत आलो मी, बाई,
हा एक उकलता नाही आला."

पोरं गप्प. टाकीचा नळ ठिबकत होता.
"उरलं त्याच्यावर चालते का?"

चालतं, म्हटलं. उरलेलं हळूहळू शिकतं
गेलेल्याचं काम.
हे आठवीच्या पुस्तकात नाही,
मी कुठेतरी वाचलं होतं,
आणि माझा आवाज मलाच
खात्री नसल्यासारखा वाटला.
त्यांनी मान हलवली. अंगठा काढला नाही.
शमीमनं दुसरं टोक धरून ठेवलं होतं,
बाजाराच्या दिवशी धरते तसं.

पैसे त्यांनी बावीस फुटांचेच घेतले.
गुंफाबाई आता भाकर कुस्करून खातात म्हणे,
अंबाडीच्या भाजीत, तेल जरा जास्त.

दोर कपाटात आहे, नकाशांच्या मागे.
दरवर्षी आठवीला काढते.
श्रावणात काढला
तर बावीस भरत नाही.