एकतीस जागा, नऊ दिवस

कर्णिकसाहेब म्हणाले, "मोहीम काढा."
मोहीम म्हटली की घोडे लागतात, मशाली लागतात.
माझ्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या
आणि कॅन्टीनच्या नंदू आगासकरचा
भोंगा बांधलेला टेम्पो.

रबाळे एमआयडीसी. गोळ्यांची पाकिटं भरतो आम्ही.
सव्वीस तारखेला माल न्हाव्याला पोचायचाय
आणि लाईन तीनचा पट्टा
पानं मांडून माणसंच न आलेल्या पंगतीसारखा.

फळ्यावर लिहिलं:
पॅकर अठरा, ऑपरेटर सात, तपासणीला तीन,
फिटर दोन.
बॉयलर अटेंडंट एक, सर्टिफिकेटवाला.
हा भेटला तर नवस फेडावा लागेल.

आमची नेहमीची रीत अशी:
अर्ज या महिन्यात, मुलाखत पुढच्या,
सही त्याच्याही पुढच्या.
तोवर माणूस महापेच्या गोदामात चिकटतो,
आणि त्याचं काही चुकत नाही.
या खेपेला तसं नाही.
सकाळी नऊला गेटपाशी टेबल.
तुटकी गोळी नजरेला टोचते का, एवढंच बघायचं.
दुपारी चहा, चारला पत्र हातात.
नऊ दिवस "कळवतो" हा शब्द बंद.
साहेबांनी स्वतः या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

(आम्ही "कळवतो" म्हटलेली माणसं
अजून असतील कुठे कुठे, दिघ्यात, विटाव्यात.
एक तर कळव्याचीच होती.
गावाच्या नावातच विनंती.)

जाहिरात वर्तमानपत्रात नाही.
इलठणपाड्याच्या पिठाच्या गिरणीवर,
कारण दळण होईस्तोवर लोक भिंत वाचतात.
घणसोलीत दवाखान्याच्या बाकासमोर.
पगार मोठ्या आकड्यात,
"आकर्षक" वगैरे न म्हणता.
नंदू भोंग्यावर ओरडायचा तर
भाजीवाल्यासारखा ओरडला,
दोन बायका पिशव्या घेऊन खाली आल्या.
त्यातली एक आता तपासणीला आहे.

तिसऱ्या दिवशी रात्री मोजलं: अकरा.
फिटर नाही, बॉयलर नाही,
लाईन तीन अजून अर्धी.
कपाटात जुना पगारतक्ता शोधत होते,
हाताला दुसराच कागद लागला.
मागच्या दिवाळीनंतरचा.
"कमी करायची नावं", चौतीस.
अक्षर माझं.
तेही काम नऊच दिवसांत उरकलं होतं आम्ही,
आणि तेव्हा कोणी त्याला मोहीम म्हटलं नव्हतं.

फोन लावत बसले.
चार नंबर बंद.
एकानं माझं नाव ऐकून ठेवून दिला.
एक उरणला दुकानात लागलाय, खूश आहे.
मग हौसा वाघचौरे.
पाकीट नुसतं तळहातावर ठेवून सांगायची,
"ह्यात एक कमी आहे,"
आणि असायची.

मी सगळं सांगितलं: पगार, वेळ, बस,
त्याच दिवशी पत्र.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग म्हणाली,
"मॅडम, किती महिन्यांसाठी?"

फळ्यावर नऊ रकाने होते.
कुठून आणायचं, कोण घेणार, कधी बसवायचं,
सव्वीस तारखेला लाल गोल.
त्या गोलाच्या पुढे
फळा नुसता पांढरा होता.

मी तिथं दहावा रकाना आखला.
वर लिहिलं: सत्तावीसपासून पुढे.

सकाळी साहेब चहाचा कप घेऊन आले.
"हे काय?"
म्हटलं, "एक बाई विचारते."
"कोण बाई?"
म्हटलं, "पाकिटात एक कमी असलं तर जिला कळतं, ती."
त्यांनी कप ठेवला. फळ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं,
काहीतरी बोलायला तोंड उघडलं,
आणि मी बोट ठेवलं
दोन रेघा मारलेल्या ओळीवर.

खाली गेटवर माणसं जमली होती.
कालच्यापेक्षा जास्त वाटली.
टेबल एका पायानं डुगडुगतंय,
त्याच्याखाली पुठ्ठा घालायचा
आजही राहिला.