रासा, तेहतिसावा आठवडा

ग्रिम्सबीत सहसा कुणी तहानेनं दवाखान्यात येत नाही.
ती आली पहाटे पावणेतीनला, टॅक्सीवाल्याचा हात धरून,
केसांवर अजून जाळी, बुटांना माशांचे खवले,
आणि पोट दोन्ही हातांनी असं उचलून धरलेलं
जसं खाली ठेवायला जागाच सापडत नाहीये.

"येतंय," एवढा एकच शब्द तिच्याकडे इंग्रजीत उरला होता.
मी म्हटलं, बघू या गं बाई.
मराठीतच म्हटलं. घाईत माझ्या तोंडून मिरज बोलते.

डाव्या कुशीवर वळवलं. पोटाला पट्टे बांधले.
मशीन कागद ओकू लागलं:
बाळाचे ठोके एकशे अडुसष्ट,
त्याखाली दर सहा मिनिटांनी एक टेकाड.
टेकाडं बुटकी, वेडीवाकडी. पण चढणाऱ्याला त्याचं काय.
मनगटाच्या कातडीची चिमूट घेतली, सोडली;
ती उभी राहिली ती राहिलीच, बसायचं विसरली.
लघवी कोऱ्या चहाच्या तळासारखी,
पट्टी बुडवली तर बघता बघता जांभूळ.

डॉक्टर आल्या, तपासून गेल्या.
गर्भपिशवीचं तोंड घट्ट मिटलेलं,
जत्रेत नाणं धरलेल्या पोराच्या मुठीसारखं.
"खोट्या कळा," म्हणाल्या. "पाणी चढवा."

शीर सापडेना. सुकलेली शीर
बोटाखालून गांडुळासारखी सरकते.
हात ऊबेत ठेवला, थापटला, तिसऱ्या टोचणीला माफी मागितली,
आणि एक लिटर टांगलं.

मग विचारलं, दिवसभरात काय प्यालीस?
फोनवर दुभाष्या बाई, झोपेतून उठवलेल्या:
ती म्हणते, सकाळी कॉफी.
ती म्हणते, मासे कापायच्या पट्ट्यावर तिचा अकरावा नंबर,
लघवीला जायचं तर हात वर करायचा,
मुकादम घड्याळ बघून वहीत मिनिटं लिहितो.
पोट वाढल्यापासून मिनिटं फार होतात.
म्हणून ती पीतच नाही.
हात दहा तास बर्फाच्या पाण्यात.
जिभेला थेंब नाही.

बाई जरा थांबल्या. मग स्वतःचंच बोलल्या:
रासा म्हणजे आमच्या भाषेत दव.
मी काही म्हटलं नाही. आमच्यात रस.

थेंब पडत होते, मी मोजत होते.
चारला टेकाडं दहा दहा मिनिटांनी.
साडेचारला एक आलं, दारातूनच परत फिरलं.
ठोके उतरले एकशे चाळीसवर,
बाळानं पाय ताणला, पट्टा हलला.
तिनं ते पाहिलं. हसली नाही. झोपली.

या कळांना खोट्या कुणी म्हटलं, ठाऊक नाही.
एकोणीस वर्षं मी तो शब्द लिहितेय.
कोरड्या आडात बादली आपटते
तो आवाज खोटा असतो?

सहाला सुट्टीचा कागद.
त्यावर छापील ओळ: भरपूर पाणी प्यावे.
तिथंच पेन अडलं.
कागद उलटा केला आणि जमेल त्या इंग्रजीत लिहिलं:
ही बाई न विचारता लघवीला जाईल.
मिनिटं लिहायचीच असतील तर माझ्या नावावर लिहा.
खाली सही, रूथ शिंगाडे, मिडवाइफ, वॉर्डचा फोन.
असला कागद द्यायचा आमच्यात नियम नाही.

तिनं त्याची चार पदरी घडी केली,
पाकिटात सोनोग्राफीच्या फोटोमागे सारली.
जगमधलं उरलेलं पाणी उभ्यानंच
घटाघटा प्यायली, हनुवटीवरून ओघळेपर्यंत.

मग दाराशी घुटमळली.
माझ्याकडे बघत, शाळेतल्या मुलीसारखा,
हळूच हात वर केला.

मी तो धरून खाली घेतला,
आणि डावीकडचं दार दाखवलं.